बंदिवानाचा कान

वाईच्या बाजारांत धर्मोपदेशक उभा राहिला, तर ऐकणारा चार शब्द ऐकतो आणि पटलें नाहीं, तर पिशवी उचलून कृष्णेच्या घाटाकडे चालता होतो. अमेरिकन मराठी मिशनचें केंद्र या गांवीं होतें; मिशनच्या दवाखान्यांत आलेला रोगीही बरा झाला कीं आपल्या घरीं जाई. तुरुंगांतील माणसास ही मुभा नसते. उठून जाण्याची सोय नसलेल्याला धर्म सांगावा तरी कसा, हा प्रश्न म्हणूनच नाजूक आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत भुकेल्यास अन्न आणि उघड्यास वस्त्र देण्याच्या पंक्तींत बंदिवानाच्या भेटीची गणना केली आहे. तेथें उपदेशाचा उल्लेख नाहीं, केवळ जाण्याचा आहे. हें उत्साही प्रचारक पुष्कळदां विसरतात. १८१३ सालीं एलिझाबेथ फ्राय लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत गेल्या, त्या तेथील तान्ह्या मुलांसाठीं कपडे घेऊन. शाळा व बायबलवाचन मागाहून आलें.

महाराष्ट्रांत याची कसोटी सोलापुरास लागली. १८७१ सालीं प्रथम झालेल्या व पुढें मुंबई इलाख्यासही लागू केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें सबंध जमाती जन्मतःच संशयित ठरल्या. त्यांना तारेच्या कुंपणाआड वसविण्यांत आलें. लोक त्या वस्तीस ‘सेटलमेंट’ म्हणत. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार सरकारनें कांहीं काळ याच मिशनकडे सोंपविला होता. मुलांना शाळा मिळाली, मोठ्यांना गिरणींत काम मिळालें. तें श्रेय नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु हजेरी घेणारी आणि प्रार्थना शिकविणारी संस्था एकच असली, म्हणजे ऐकणाऱ्याच्या होकारांत श्रद्धा किती व भय किती, हें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं. १९५२ सालीं हा कायदा देशांतून गेला.

पौलाची गोष्ट याहून वेगळी. अनेसिम नांवाच्या दासाला त्यानें ख्रिस्ताची ओळख करून दिली, तेव्हां तो स्वतःच बंदिवान होता. असेंच कांहीं धुळ्यास घडलें, धर्म मात्र निराळा. १९१७ सालीं वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत नारायणशास्त्री मराठे यांजपाशीं शिकलेले विनोबा भावे १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारीं एक, अशीं अठरा प्रवचनें त्यांनीं गीतेवर दिलीं. साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. बोलणारा संध्याकाळीं घरीं जाणारा नव्हता, आणि त्याच्या हातीं कोणाला देण्यासारखी सवलतही नव्हती. पुढें याच विनोबांनीं ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केलें.

आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमानें धर्मप्रचाराचें स्वातंत्र्य दिलें आहे. दुसऱ्याचें धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यांत येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. बाहेरून येणाऱ्या उपदेशकाला विनोबांसारखें आंत राहतां येत नाहीं. पण प्रार्थनेस न आलेल्या कैद्याचीही विचारपूस त्याला करतां येते, आणि सुटकेच्या दिवशीं त्या कैद्यासाठींही दाराशीं उभें राहतां येतें.