गोदाकाठच्या हातकुऱ्हाडी

नाशिकचा इतिहास सांगताना आपण पांडवलेण्यांपर्यंत पोहोचतो आणि थांबतो. खरा आरंभ त्याहून कितीतरी मागे, गंगापूरला आहे. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया यांना तिथे गोदावरीकाठच्या दगडगोट्यांच्या थरात अश्मयुगीन हत्यारे सापडली. 1952 साली डेक्कन कॉलेजने त्यांवर स्वतंत्र प्रबंध छापला.

ही हत्यारे मुख्यतः दोन प्रकारची: टोकदार हातकुऱ्हाड आणि आडव्या सरळ धारेची फरशी. मोठ्या दगडावर घाव घालून जाड छिलका काढायचा, मग कडा ठोकून धार आणायची. हीच पद्धत आफ्रिकेतही दिसते. केनियातल्या अशा हातकुऱ्हाडी सुमारे 17.6 लाख वर्षे जुन्या आहेत, चेन्नईजवळच्या अत्तिरम्पक्कमच्या जवळपास 15 लाख.

मग गंगापूरचे वय ठरवणे अवघड का? दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत थर जागच्या जागी राहिले, म्हणूनच 10 लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाची राखसुद्धा ओळखता आली. नदी मात्र हत्यारे वाहून नेते, वेगवेगळ्या काळांतली एकत्र टाकते. मूळ जागा हरवली, की निम्मा पुरावा गेला. त्या काळच्या माणसांची हाडे तर फारच दुर्मीळ. नर्मदेकाठी हथनोऱ्याला 1982 मध्ये मिळालेली कवटी हा मोठाच अपवाद.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती: नदीकाठी घडवलेला वाटणारा दगड दिसला, तर उचलू नका. जागेसह छायाचित्र काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.