बालकास विषाणू समजावून सांगताना

सहभोजन, सहशय्या, गात्रस्पर्श व निःश्वास यांद्वारे काही रोग एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे संक्रमित होतात, हे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. औपसर्गिक रोगांचा हा विचार आपण विद्यार्थिदशेत अभ्यासला. मात्र तो सहा वर्षांच्या बालकास कसा सांगावा, हे कोणी शिकविले नाही.

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूमुळे व २०२० मध्ये सर्वत्र कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. मुलांच्या प्रश्नांना अनेकदा भीतीचेच उत्तर मिळाले. माझ्याकडूनही हा प्रमाद घडला. २०२० मध्ये एका बालिकेस मी म्हणालो, "हात धुतले नाहीस, तर आजोबा आजारी पडतील." पुढे आजोबांना कोरोना झाला. ते बरे होऊन घरी आले, परंतु नात त्यांच्या खोलीचा उंबरठा ओलांडेना. कारण विचारता ती म्हणाली, "मी एकदा हात धुवायला विसरले होते."

तेव्हापासून मी धमकीऐवजी प्रत्यक्ष दाखवितो. तेलात कालवलेला चिमूटभर गेरू बालकाच्या तळहातास लावावा व त्यास पेला उचलावयास सांगावे. पेल्यावरील ठसे पाहून स्पर्शसंक्रमण त्यास कळते. नुसत्या पाण्याने गेरू सुटत नाही, साबणाने सुटतो. इन्फ्लुएंझा व कोरोना या विषाणूंभोवतीही स्निग्ध आवरण असते व साबणाने ते भंग पावते. निःश्वासासाठी उदबत्तीचा दृष्टांत पुरेसा आहे: बंद खोलीत सुगंध कोंदतो, खिडकी उघडताच विरळ होतो. खोकताना कोपराने तोंड का झाकावे, हेही मग सहज पटते.

शेवटी एक वाक्य आवर्जून सांगावे: "आजार विषाणूमुळे होतो, कोणी वाईट वागले म्हणून होत नाही."

औषधालयचालकांनाही एक विनंती. "हा काढा घे, तुला काही होणार नाही," असे आश्वासन बालकास देऊ नये. ते आजारी पडल्यास त्याचा औषधावरील व आपल्यावरील विश्वास उडतो. श्वास घेताना बालकाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

त्या बालिकेची मी क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी तिने आजोबांच्या खोलीची खिडकी स्वतः उघडली.