वाद्यवृंद रजेवर
(लेखमाला : राहून गेलेले सिनेमे, भाग सातवा)

गेल्या आठवड्यात मूकपट झाले. मूकपट मुके होते, थिएटर मात्र मुकं नसे. पडद्यासमोर पेटी-तबलावाले बसलेले असत. पाठलाग सुरू झाला की तबला दौडत सुटे, नायिकेनं पदर डोळ्यांना लावला की पेटी गळा काढी. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला आणि या मंडळींची बैठक मोडली. वाद्यं मात्र कुठं गेली नाहीत. ती फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीत जाऊन बसली आणि आजतागायत तिथून हललेली नाहीत. मालिकेतल्या सासूनं नुसती मान वळवली तरी तीनदा ‘ढॅण्’ वाजतं, ते त्याच घराण्याचं.

पार्श्वसंगीत वाईट असतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. ‘पथेर पांचाली’तून रविशंकरांची सतार काढून टाका असं म्हणणाऱ्याला मी घरात घेणार नाही. पण प्रसंग घडायच्या आधीच व्हायोलिनं ‘आता रडा’ म्हणून सांगायला लागली की आपल्याला करण्यासारखं फार उरत नाही. म्हणून या भागात पार्श्वसंगीताला सुट्टी देणारे काही चित्रपट. यांतले एक-दोन तुम्ही पाहिले असतील. तरीही पुन्हा पाहा, या खेपेला कान उघडे ठेवून.

पहिला मान ‘कुंकू’चा. प्रभात, १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावानं निघाला. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. जरठ-बाला विवाहाविरुद्धचा बाणेदार चित्रपट म्हणून शाळेपासून ऐकलेलं असतं आणि नेमकं त्यामुळेच तो पाहायचा राहून जातो. समाजसुधारणेचा धडा पुन्हा कोण गिरवणार! पण ‘कुंकू’ धड्यासारखा अजिबात नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. पोरकी नीरा मामाच्या घरी वाढलेली. मामा पैशासाठी तिला फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. काकासाहेबांची मुलं नीराच्याच वयाची. नीरा त्या घरात राहते, पण हे लग्न मानायला साफ नकार देते. सोसायची तिची तयारी आहे, अन्याय मात्र ती चालवून घेणार नाही. आख्खा चित्रपट म्हणजे एका घरातली ही लढाई. आणि या लढाईला पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण पात्रांच्या जगाबाहेरून कोणी वाद्यवृंद येऊन भावना ओतत नाही. घरात, दारात, रस्त्यावर जे वाजेल तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं.

संगीतकार कोण होते ते पाहिलं की या निर्णयातली हिंमत कळते. केशवराव भोळे! आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी ‘संत तुकाराम’ला संगीत दिलं होतं. असा माणूस कंपनीत असताना त्याला ‘प्रसंगांच्या मागं काही वाजवायचं नाही’ असं म्हणणं आणि त्यानं ते निभावून नेणं, दोन्ही सोपं नव्हतं. बोलपट सुरू होऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. लोकांना पडद्यातून येणाऱ्या आवाजाची नवलाई होती, आणि मला वाटतं दिग्दर्शकालाही होती. नळाचं पाणी, दाराची कडी, चपलांची चाहूल हे सगळं पडद्यावर ऐकू येऊ शकतं याचं अप्रूप असलेल्या माणसालाच असलं काही सुचतं. आपल्याला ते अप्रूप राहिलेलं नाही.

या चित्रपटात एक भिंतीवरचं घड्याळ आहे. जुनं, ठोके देणारं. ते आणि काकासाहेब हळूहळू एकच होऊन जातात. म्हातारा आरशासमोर उभा राहून पिकल्या मिशांचं काही करता येतं का पाहतो तेव्हा आपल्याला हसू यायला हवं. मागं एखादी मिस्कील सनई असती तर आलंही असतं. पण तिथं तसलं काही वाजत नाही. बाकी राहतो तो आरशात स्वतःला चुकवू पाहणारा एक शिकला-सवरलेला माणूस. केशवराव दात्यांनी काकासाहेबांना खलनायक केलेलं नाही. आपलं चुकलंय हे त्यांना कळतं आणि कळूनही हौस सुटत नाही. हा ओशाळेपणा दाते मानेच्या एखाद्या हालचालीत दाखवतात. नाटकात मुरलेल्या नटाला इतकं कमी करणं कसं जमलं असेल याचं मला कौतुक वाटत आलंय.

शांता आपट्यांची नीरा तर जाळ आहे. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीनं झोडपते तो प्रसंग आजही अंगावर येतो. पंडित नावाचा हा दिवटा राजा नेन्यांनी रंगवलाय. काकासाहेबांच्या मुलीच्या, चित्राच्या, भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. रँग्लर परांजप्यांची लेक, सई परांजप्यांची आई, आणि प्रत्यक्ष आयुष्यात संततिनियमनाचा प्रचार करणारी कार्यकर्ती. चित्रपटातली सुधारक मुलगी खरोखरीच्या सुधारक बाईकडून करून घ्यायची ही प्रभातची हुशारी. नीरा लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही गाते. ते आज थोडं ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, पण आपट्यांचा आवाज ते पेलून नेतो. याच शांता आपटे १९३९ मध्ये प्रभातच्या फाटकापाशी कंपनीविरुद्ध उपोषणाला बसल्या होत्या. नीराचा बाणा काही फक्त संवादलेखकानं दिलेला नव्हता.

शेवट मला पटत नाही हे सांगून टाकतो. काकासाहेब आत्महत्या करून नीराला मोकळं करतात, दुसरं लग्न कर असं सुचवून जातात. इतका वेळ जी बाई स्वतःच्या बळावर उभी होती तिची सुटका अखेर म्हाताऱ्याच्या उदारपणावर सोपवली जाते. १९३७ साली याहून पुढं जाणं कठीण होतं, मान्य. पण नीराच्या वाट्याला स्वतःच्या हातानं मिळवलेला शेवट यायला हवा होता.

‘कुंकू’च्या सहा वर्षं आधी बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांगनं आपला पहिला बोलपट केला, ‘एम’ (१९३१). शहरात लहान मुलींचे खून होताहेत, पोलीस हैराण, आणि पोलिसांच्या धाडींनी धंदा बसल्यामुळे गुन्हेगारांच्या टोळ्याही खुन्याच्या मागावर. पहिली दहा मिनिटं पाहा. आई जेवणाची ताटं मांडतेय, शाळा सुटलीय, एल्सी अजून आलेली नाही. आई जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारते. पडद्यावर रिकामा जिना. पुन्हा हाक. कपडे वाळत घातलेला माळा, तिथंही कोणी नाही. पुन्हा हाक. टेबलावरची न उष्टावलेली थाळी. मग गवतातून घरंगळत येणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही, पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. फक्त हाक, आणि ती जिथं पोचते त्या रिकाम्या जागा.

या चित्रपटातलं संगीत म्हणजे खुन्याची शिट्टी. ग्रीगची एक प्रसिद्ध धून तो बेचैन झाला की वाजवतो आणि तीच त्याला गोत्यात आणते, कारण फुगे विकणारा आंधळा ती ओळखतो. पीटर लोर या नटाला शिट्टी वाजवता येत नसे, ती खुद्द लांगनं वाजवली असं सांगतात. लोरचं शेवटचं भाषण मात्र त्याचं स्वतःचं. गुन्हेगारांनीच भरवलेल्या त्या न्यायालयात तो गुडघे टेकून किंचाळतो तेव्हा आपण नेमके कोणाच्या बाजूनं आहोत ते कळेनासं होतं.

हिचकॉकचा ‘द बर्ड्‌स’ (१९६३) बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून एकच खूण सांगतो. शाळेबाहेरच्या बाकावर नायिका सिगारेट ओढत बसलीय, आतून मुलांच्या गाण्याचा आवाज येतोय, आणि तिच्या पाठीमागं मुलांच्या खेळायच्या सांगाड्यावर एकेक कावळा येऊन बसतोय. हिचकॉकसाठी ‘सायको’चं संगीत करणारा बर्नार्ड हर्मन इथं फक्त ध्वनीचा सल्लागार आहे. पक्ष्यांचे बरेचसे आवाज ट्राउटोनियम नावाच्या विद्युत् वाद्यावर काढलेले आहेत. म्हणजे वाद्य आहे, पण ते कावळ्यांच्या पोटात लपलंय.

रोबेर ब्रेसाँचा ‘अ मॅन एस्केप्ड’ (१९५६) या यादीत नियमानं बसत नाही, कारण कैदी मैल्याच्या बादल्या रिकाम्या करायला रांगेनं निघतात तेव्हा मध्येच मोत्सार्ट वाजतो. तरीही घेतोय, कारण कानांनी पाहायचा याहून चांगला चित्रपट मला माहीत नाही. नाझींच्या ताब्यातलं फ्रान्समधलं ल्यों, तिथला माँलुकचा तुरुंग, आणि मृत्युदंडाची वाट पाहणारा फाँतेन. आंद्रे दव्हिन्यी या अधिकाऱ्यानं १९४३ मध्ये तिथून खरोखर करून दाखवलेल्या पलायनाची ही हकीकत. माणूस निसटतो हे नावातच सांगून टाकलंय, तरी शेवटपर्यंत श्वास अडकलेला राहतो.

फाँतेन चमच्याला धार लावून कोठडीच्या लाकडी दाराच्या फळ्यांमधला सांधा खरवडतो. खर्रर्र, खर्रर्र. मध्येच थांबतो. बाहेर पहारेकरी किल्ली कठड्याच्या गजांवर घासत जिना उतरतोय. तो आवाज दूर गेला की पुन्हा खर्रर्र. पहारेकऱ्यांचे चेहरे ब्रेसाँ जवळजवळ दाखवतच नाही. किल्ल्या आणि बूट, एवढाच त्यांचा अभिनय. पळून जायच्या रात्री छतावरच्या खडीवर पाय टाकायचा तर जवळून जाणाऱ्या आगगाडीची वाट पाहावी लागते, कारण तिच्या खडखडाटातच खडीचा आवाज बुडणार. आणि शेवटच्या दोन भिंतींच्या मधून रात्रभर कुरकुरत फिरणारी पहारेकऱ्याची सायकल! ती कुरकुर कसली आहे हे फाँतेनला आणि आपल्याला एकाच वेळी कळतं. फाँतेनचं काम करणारा फ्राँस्वा लतेरिए तेव्हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता, व्यावसायिक नट नव्हे. ब्रेसाँला तसलीच माणसं हवी असत.

आता केरळात. पण जाता जाता पुण्यात क्षणभर थांबू. ‘कुंकू’ जिथं घडला तो प्रभातचा स्टुडिओ पुढं सरकारनं घेतला आणि तिथं फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्याच आवारात साठच्या दशकात अडूर गोपालकृष्णन शिकले. त्यांचा ‘कोडियेट्टम’ (१९७७) मराठी प्रेक्षकांपर्यंत फारसा पोचलेला नाही, हे आपलंच नुकसान. यातही पार्श्वसंगीत नाही.

शंकरनकुट्टी हा थोराड वयाचा, मनानं पोर असलेला गडी. खायचं, झोपायचं, गावातल्या मुलांबरोबर हुंदडायचं आणि आसपासच्या देवळांचे उत्सव सोडायचे नाहीत. शहरात मोलकरणीचं काम करणारी बहीण पैसे धाडते, त्यावर सगळं चाललंय. त्याचं लग्न लावून देतात, तरी फरक नाही. बायको वाट पाहून पाहून माहेरी निघून जाते. पुढं हा बुवा एका लॉरीवर कामाला लागतो आणि जगाशी त्याची खरी ओळख व्हायला लागते. एका प्रसंगात रस्त्यानं सुसाट गेलेली लॉरी त्याच्या अंगावर सगळा चिखल उडवते. दुसरा कोणी शिव्या घालेल. हा चिखलानं माखलेल्या तोंडानं लॉरीकडे पाहत राहतो आणि म्हणतो, काय हा स्पीड! त्या एका वाक्यात आख्खा माणूस कळतो. इथं विनोदी ठेका वाजवला असता तर शंकरनकुट्टी गावातला येडा होऊन बसला असता. वाजवला नाही, म्हणून तो माणूस राहतो. भरत गोपी या काहीशा टक्कल पडलेल्या, नायकाच्या कुठल्याच मापात न बसणाऱ्या नटाला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचं नुसतं भात जेवणं पाहण्यासाठीसुद्धा हा चित्रपट लावावा. गती संथ आहे हे आधीच सांगतो. रात्री जेवणं झाल्यावर पेंगत पाहाल तर झोपाल.

मराठीत अलीकडचा दाखला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). व्हेनिसमध्ये बक्षिसं, इथं राष्ट्रीय पुरस्कार, म्हणून नावाजला गेला आणि थिएटरात पुरेसा पाहिला गेला नाही. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चाललाय. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली असा आरोप. शाहिराचं काम वीरा साथीदार यांचं, गाणी संभाजी भगतांची. ती मंचावर जोरकस वाजतात. एरवी ऐकू येतो तो न्यायालयाचा रोजचा कारभार : कागद, तारखा, आणि साक्षीदार मराठीत बोललेलं न्यायाधीशांनी इंग्रजीत सांगून टंकलेखकाकडून उतरवून घेणं. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी) वर्षानुवर्षांची शिक्षा देऊ शकणारी कलमं किराण्याच्या यादीसारखी एका सुरात वाचत जातात. मागं गंभीर संगीत नसल्यामुळे ते भयंकर आहे हे आपलं आपल्याला कळावं लागतं, आणि ज्याला कळत नाही त्याला चित्रपट काही मदत करत नाही.

‘कुंकू’बद्दल एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या प्रतींत ध्वनिपट्टी खरखरते, काही शब्द निसटतात. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर तर निम्मं हरवेल. कानात यंत्रं घाला, पंखा बंद करा, आणि पहिली पंधरा मिनिटं कळ काढा. मग कान सरावतात.

पुढच्या आठवड्यात एकाच खोलीत घडणारे चित्रपट. सुरुवात सिडनी ल्युमेटच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’नं (१९५७) करू, मग बासू चटर्जींनी त्यावरून केलेला ‘एक रुका हुआ फैसला’, आणि जागा उरली तर सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांच्या नाटकावर काढलेला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’.