चेन्नईतील कोलू : सजलेले घर, सुटसुटीत पाहुणचार

चेन्नईतील तमिळ घरांत नवरात्रात मांडला जाणारा कोलू, म्हणजे विषम संख्येच्या पायऱ्यांवर रचलेली बाहुल्यांची आरास, साध्या दिवाणखान्याचेही रूप पालटून टाकतो. ट्रंका आणि फळ्या रचून केलेल्या पायऱ्यांची जागा आता अनेक घरांत घडीच्या स्टँडने घेतली असली, तरी मरप्पाची, म्हणजे स्त्री-पुरुषांची लाकडी जोडी, मानाने वरच्या पायरीवरच बसते; नव्या बाहुल्यांचा बाजार मैलापुरात, कपालीश्वर मंदिरालगतच्या नॉर्थ माडा स्ट्रीटवर भरतो. पाहुण्यांसाठी सुंडल पुरते: रात्री भिजवलेले हरभरे उकडून, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन वर ओले खोबरे घातलेला हा पदार्थ थंडही रुचकर लागतो, त्यामुळे चैत्रगौरीला आंबेडाळ आणि पन्हे देणाऱ्या मराठी घरांनाही तो सहज जमण्याजोगा आहे.