वेड्या राघूची परीक्षा

वसंतात मुळशीच्या रस्त्याला तारेवर बसलेला हिरवा वेडा राघू आपण पुष्कळदा पाहिला असेल. त्याचे घरटे म्हणजे मातीच्या दरडीत खोदलेले बीळ. माणूस जवळ असला की हा पक्षी बिळात शिरायला कचरतो. तो निव्वळ माणसाला भितो, की माणसाला बीळ दिसते आहे हेही ओळखतो? नाव वेडा, पण प्रश्न शहाण्यांना पेचात टाकणारा!

पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या रानातच याचा शोध घेतला. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. बिळापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर दोन जागा निवडल्या. एकीवरून बीळ दिसे, दुसरीवरून नाही. दिसत नसे तेव्हा पक्षी अधिक वेळा आत शिरे. पुढच्या प्रयोगात माणसाने नजर तेवढी वळविली. ती पक्ष्यापासून किती वळली याला महत्त्व नव्हते, बिळापासून किती वळली याला होते.

नवख्या संशोधकाने शिकायचे ते इथेच. रानात आपणच प्रयोगातले श्वापद असतो. अंतर सारखे नसेल, तर भीती कशाने घटली हे सांगताच येणार नाही. आधी कोणत्या जागी उभे राहायचे ते नाणे उडवून ठरवावे. 'शिरला' कशाला म्हणायचे ते अगोदरच लिहून ठेवावे. आणि फार वेळ थांबू नये, कारण तेवढा वेळ बिळातली पिले उपाशी असतात.