रामटेकचा मुक्काम

नागपूरहून जबलपूरला एकटाच सायकलने निघालो, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढले. पासष्टी उलटलेली! पहिला मुक्काम रामटेकचा. कामठी, कन्हान मागे पडले. मनसरला महामार्ग सोडून उजवीकडे वळलो आणि टेकडीवरचे गडमंदिर समोर आले.

आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली. पण तिथेही स्वाराच्या मागे मदतनिसांची गाडी असतेच. माझ्यामागे कुणी नव्हते. पुढे मात्र अंबाळा तलावाच्या काठी बँकेतले दोन जुने मित्र वाट पाहत होते.

एकाने घरून डबा आणला होता. दुसरा काठी टेकत आला. हा प्रवास खरे तर त्याने आणि मी मिळून ठरवलेला; पक्षाघाताने त्याचा उजवा पाय अधू झाला. काय बोलावे, मला सुचेना. त्यानेच हँडलवर हात ठेवून घंटी वाजवली आणि म्हणाला, ‘‘जाय बे तू. वाटेत घंटी वाजली का समज, मी आहो.’’

दुसऱ्या सकाळी देवलापारच्या जंगलात रस्ता रिकामा होता. तरी मी मधूनमधून घंटी वाजवत गेलो.