पेअरिंग लागलं का?

रात्रीचे साडेदहा. लॉजच्या खोलीत दोन पलंग आणि आम्ही चौघं. दोघं वर, दोघं खाली चटईवर. दिवसभरात दोन-दोन डाव खेळून डोकी शिणलेली, तरी झोप कुणालाच नाही. दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतो, ‘पेअरिंग लागलं का?’

बुद्धिबळाच्या स्पर्धांमागे फिरणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य या प्रश्नात जातं. आमच्या खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. ज्याचे जितके गुण, त्याची गाठ साधारण तितकेच गुण असलेल्याशी. त्यामुळे आधीच्या फेरीतला शेवटचा डाव संपेपर्यंत उद्या समोर कोण बसणार हे कळत नाही. आणि तो शेवटचा डाव नेमका हत्ती-प्याद्याचा, शंभर चालींवर गेलेला असतो.

अखेर यादी येते. माझा बोर्ड 47, ब्लॅक. समोर अकरा वर्षांचा मुलगा, रेटिंग 1660. लॅपटॉपवर त्याचे जुने डाव शोधायला घेतो. डेटाबेसमध्ये त्याचा एकही डाव नाही. बाहेरच्या माणसाला ही चांगली बातमी वाटेल. खाली चटईवर पडलेला मित्र मात्र एवढंच म्हणतो, ‘मेलास.’

का, ते आकड्यांत सांगतो. माझं रेटिंग 1860 आहे. 200 गुणांचा फरक असला की वरच्याकडून एका डावात 0.76 गुणाची अपेक्षा धरतात. मी जिंकलो तर मला मिळणार 4.8. बरोबरी झाली तर माझेच 5.2 जाणार. हरलो तर 15.2. मुलगा अठराच्या आतला असल्यानं त्याचा गुणक माझ्या दुप्पट. तो जिंकला तर एका सकाळीत 30.4 खिशात टाकून आईच्या डब्याकडे पळणार. वर ही पोरं शाळा सुटली की रोज चार-चार तास इंटरनेटवर खेळतात. त्यांचं रेटिंग त्यांच्या ताकदीच्या मागून, धापा टाकत येत असतं.

अशानं आमच्यासारख्यांच्या रेटिंगची जी घसरण होत होती, तिच्यावर फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, 1 मार्च 2024 ला एक उपाय केला. 2000 च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग एका सूत्रानं वर उचलली आणि तळाची मर्यादा 1000 वरून 1400 केली. माझे 1767 चे 1860 झाले, एक प्यादंही न हलवता. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘म्हंजे भाव वाढला, संत्रं तेवढंच.’

बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे, सौंसरजवळ. माझी एंट्री फी, गाडीभाडं, लॉज हे सगळं कित्येक वर्षं आंबिया बहारातून निघालं, तेव्हा बोलायचा हक्क त्यांचा.

सौंसर कुठे, हे मला प्रत्येक स्पर्धेत समजावून सांगावं लागतं. नागपूरहून साठ-पासष्ट किलोमीटर, सावनेर ओलांडून छिंदवाड्याच्या रस्त्यावर. आधी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्यात. पांढुर्णा म्हटलं की लोकांना तिथली दगडफेकीची गोटमार आठवते आणि मग विषय बुद्धिबळाकडे परत येत नाही. बोलणं मराठी, बाजार नागपूरचा, नोंदणी मात्र मध्य प्रदेशची. रेटिंगच्या खुल्या स्पर्धेत कुठलाही खेळाडू कुठेही उतरू शकतो, पण राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड आपल्याच राज्यातून व्हावी लागते. म्हणजे दीड-दोन तासांवर नागपूर, तिथे एकापेक्षा एक खेळाडू, सरावाला मित्र. आणि निवड स्पर्धेला मी रात्रभर बसून इंदूरला. तिथले आयोजक विचारतात, ‘महाराष्ट्र से हो क्या?’ नागपूरचे विचारतात, ‘एमपीवाला ना तू?’ दोघांनाही मी हो म्हणतो.

प्रवासाचं गणितही असंच दोन तोंडांचं. दिल्ली-भोपाळकडे जायचं तर पांढुर्ण्याला जाऊन मेन लाइन धरायची, बाकी सगळीकडे नागपूरहून. पूर्वी सौंसरवरून छिंदवाडा-नागपूर नॅरोगेज जायची. ती 2015 मध्ये बंद झाली, मग ब्रॉडगेज आली. त्या छोट्या गाडीत मी मांडीवर चुंबकाचा पट ठेवून डाव लावायचो. डबा इतका हलायचा, की साधा पट ठेवला असता तर सावनेर येईपर्यंत दोन्ही वजीर बाकाखाली गेले असते.

दोन फेऱ्यांच्या दिवसाचं वेळापत्रक सहसा असं: सकाळी नऊला पहिली, दुपारी तीनला दुसरी. प्रत्येकाला नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद जादा. डाव लांबला की चार तास सहज जातात. नऊचा डाव एकला संपतो, मग दोन तासांत जेवायचं, चूक कुठे झाली ते विसरायचं आणि जमलं तर झोपायचं. झोपेची जागा म्हणजे हॉलबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे आधीच आया बसलेल्या असतात. डबे, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर विणणं, आणि दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वर. पोराचा चेहरा बघून त्यांना निकाल कळतो. मी त्यांच्यात बसून दशमी आणि चटणी खातो. सावजी रस्सा स्पर्धा संपल्यावर. हा नियम मी स्वतःच्या पोटाकडून शिकलो.

आत जाताना झडती होते, मेटल डिटेक्टर फिरतो. मोबाइल बाहेर. त्याबाबत माझी एक आठवण आहे. दहाएक वर्षांपूर्वी सहाव्या फेरीत माझा डाव जवळजवळ जिंकलेला होता: एक उंट जास्त आणि समोरच्याच्या घड्याळात तीन मिनिटं. तेव्हा बंद करून पिशवीत ठेवलेला फोन चालत असे. माझा फोन बंदच होता, पण जुना बटणांचा. त्या जातीचे फोन गजराच्या वेळी आपोआप जागे होतात हे मला ठाऊक नव्हतं. दुपारच्या झोपेतून उठण्यासाठी आदल्या दिवशी लावलेला गजर नेमका तेव्हाच वाजला. आर्बिटर आले, पिशवीकडे पाहिलं, घड्याळ थांबवलं. डाव गेला. समोरचा माणूस भला होता, त्यानं ‘सॉरी’ म्हटलं. मला तेही ऐकवलं नाही. गावात कुणी विचारलं, ‘कावून हरला बे?’ तर उत्तर काय द्यायचं? गजरानं?

नागपूरच्या मोठ्या नावांमुळे आता आमच्याकडेही पालक मुलांना घेऊन येतात. रौनक साधवानी 2019 मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता 2021 मध्ये. संकल्पचं उदाहरण मी पालकांना मुद्दाम सांगतो, कारण त्यात प्रवास दिसतो. ग्रँडमास्टर व्हायला 2500 रेटिंग लागतं आणि सहसा तीन नॉर्म. नॉर्म म्हणजे साधारण नऊ डावांची स्पर्धा, कामगिरी 2600 ची, समोर किमान तीन ग्रँडमास्टर, आणि प्रतिस्पर्धी पुरेसे परदेशी. हे सगळं एका हॉलमध्ये जमून येणं भारतात अवघड, म्हणून पोरं सर्बिया, हंगेरी, स्पेनला जातात. संकल्पनं सर्बियात लागोपाठच्या स्पर्धांत तिन्ही नॉर्म चोवीस दिवसांत मिळवले. चोवीस दिवस परक्या मुलखात तसलं जेवण, तसली थंडी, आणि डोकं रोज ताजं ठेवायचं. माझ्या मते ते खेळाइतकंच कठीण काम आहे. दिव्या देशमुखची तर तऱ्हाच न्यारी. जुलै 2025 मध्ये ती जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिच्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्या जिंकली आणि किताब थेट मिळाला. भारताची ती 88 वी ग्रँडमास्टर. डाव संपल्यावर आईच्या गळ्यात पडून रडली, तो व्हिडिओ सौंसरच्या चहाच्या टपरीवरही फिरला. तेव्हापासून टपरीवाला मला ‘नॉर्म झाला का?’ असं विचारतो. त्याला वाटतं, रेटिंग असलं की नॉर्मही होतच असतो.

माझा व्हायचा नाही. त्याचं दुःख आता उरलेलं नाही. खोटं बोलत नाही, नागपूरच्या पोरांचे डाव बघताना थोडं टोचतं. पहिल्या दहात येऊन पैसे मिळणं माझ्या वर्षातल्या एखाद्याच स्पर्धेत घडतं. बहुतेक वेळा रेटिंग गटातलं छोटं बक्षीस, तेही तिघांचे गुण सारखे निघाले की टायब्रेकवर दुसऱ्याच्या हाती. घर चालतं ते शिकवण्यावर. सकाळी सौंसरमध्ये सात मुलं, संध्याकाळी ऑनलाइन पुण्याची दोन आणि कतारमधलं एक. स्पर्धेच्या गावीसुद्धा रात्री आठला मी लॉजच्या जिन्यात बसून, खोलीतला गलका टाळत, कतारच्या मुलाला हत्तीचे शेवट शिकवतो. माझ्यासारखे बहुतेक ‘व्यावसायिक’ खेळाडू असेच जगतात. नोकरी लागते ती वरच्या थोड्यांना, रेल्वेत किंवा तेल कंपन्यांत.

संत्र्याच्या झाडाला बहार धरण्याआधी पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. बाबा एकदा म्हणाले, ‘तूबी स्पर्धेच्या आधी आठ दिवस पट बंद ठेवून पाह्य.’ मी ठेवला. तेव्हा नऊ डावांत साडेसहा झाले, माझे सर्वांत जास्त. बाबांना अजून ते श्रेय हवं असतं आणि मी देतो.

त्या अकरा वर्षांच्या मुलाशी मी बेचाळीस चालींत हरलो. त्यानं सही केली, दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवले आणि मला विचारलं, ‘अंकल, तेविसाव्या चालीला घोडा का नाही घेतला?’ बाहेरच्या खुर्च्यांवर बसून आम्ही तो घोडा वीस मिनिटं तपासला. घ्यायला हवा होता.

पुढची स्पर्धा नागपूरला आहे, पहिली फेरी सकाळी नऊला. पहाटेच्या बसचा भरवसा नाही. आदल्या रात्रीच निघतो.